बाजारातील भिंत

नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत भिवापूर लागते. हे तालुक्याचे गाव. परंतु त्याची ख्याती तालुक्यामुळे झालेली नाही, ती मिरचीमुळे झालेली आहे. मिरचीच्या हंगामात या गावाची ओळख डोळ्यांच्या आधी नाकाला पटते. वाळत घातलेल्या मिरचीच्या लाल राशी, पोत्यांनी भरलेल्या गाड्या आणि सातऱ्यावर ओळीने बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या स्त्रिया, हे दृश्य एकदा पाहिलेला मनुष्य सहसा विसरत नाही. मिरची पसरून तिचे देठ जेथे काढतात, त्या जागेला विदर्भात सातरा म्हणतात.

अशा गावाच्या बाजारातून चालताना आपण दुकानांतील मालाकडे पाहतो. दुकानावरील पाटीकडे मात्र पाहत नाही, ती केवळ वाचतो. एखाद्या दिवशी सवड काढून पाट्यांकडेच पाहत बाजारातून फिरून यावे. काही पाट्या हाताने रंगविलेल्या आढळतील. त्यांवरील शिरोरेषा एका दमात ओढलेली असते, अक्षरांना एका बाजूने काळी छाया दिलेली असते, आणि कोपऱ्यात, अगदी लहान अक्षरांत, रंगविणाऱ्या पेंटरचे नाव असते. बहुतेक पाट्या मात्र फ्लेक्सच्या असतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या फ्लेक्सने गावोगावच्या पेंटरांच्या हातचे काम काढून घेतले. फ्लेक्स स्वस्त असतो, लवकर होतो, आणि उन्हाने विटला की फेकून देता येतो. त्यावर जे चित्र असते ते कोठलेही असते. भिवापूरच्या दुकानावर झळकणारी मिरची भिवापूरच्या मातीतली असेलच असे नाही. ती यंत्रात आधीपासून साठविलेली, कोणत्या देशातली कोण जाणे, अशी मिरची असते.

आता एक कल्पना करा. गावातील एखादी तिखटाची चक्की आहे. तिची रस्त्याकडील भिंत मोठी व कोरी आहे. चक्कीचे मालक म्हणाले, "या भिंतीवर आमच्या चक्कीचे चित्र तुमच्या शाळेतील मुलामुलींनी काढावे." तुम्ही हे काम पत्कराल काय? पत्कराल, तर कसे कराल?

हा प्रश्न वाटतो तितका पोरखेळ नाही. वहीत काढलेले चित्र तुम्हाला आवडले नाही तर पान उलटता येते. भिंत उलटता येत नाही. वहीतले चित्र ज्याला दाखवावे तोच पाहतो. बाजारातील चित्र ज्याने पाहण्याची इच्छा केलेली नाही त्यालाही रोज पाहावे लागते. शिवाय ते चित्र तुमच्या एकट्याचे नसते. काढणारे तुम्ही, भिंत मालकाची आणि डोळे गावाचे, असे तिघे त्यात भागीदार असतात. चित्रकलेच्या तासाला जे शिकता येत नाही ते अशा भिंतीपाशी शिकता येते, आणि महाराष्ट्रातील काही थोर कलावंत बाजारातील अशाच कामांवर हात तयार करून मोठे झाले आहेत.

कोल्हापूरचे उदाहरण घ्या. तेथे मेस्त्री आडनावाच्या एका घरात ३ जून १८९० रोजी बाबूरावांचा जन्म झाला. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते चित्रे काढण्यास व मूर्ती घडविण्यास शिकले. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हेही तसेच कसबी चित्रकार होते. या दोघा भावांनी जे काम हाती घेतले ते नाटकाचे पडदे रंगविण्याचे. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ होता. नाटक मंडळी म्हणजे काही केवळ कलेची सेवा करणारी संस्था नव्हे. तिकिटे विकून चालणारा तो एक व्यवसाय होता, आणि प्रेक्षकाने तिकीट काढावे म्हणून मंडळी गावोगाव नवनव्या पडद्यांचा डामडौल मिरवीत असत. राजवाडा, रस्ता, अरण्य, देवालय असे पडदे एकामागून एक वर जात आणि खाली येत, आणि एखाद्या सुंदर पडद्याला गायकाइतक्याच टाळ्या पडत.

पडदा रंगविणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कापड भिंतीएवढे मोठे असते. सरसाच्या पाण्यात कालविलेला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. म्हणून उद्या कोणता रंग दिसेल याचा अंदाज आजच बांधावा लागतो. जवळून पाहिले तर सारे ओबडधोबड फटकारे. त्याच फटकाऱ्यांतून शेवटच्या रांगेत बसलेल्या मनुष्याला संगमरवरी खांब दिसावयास हवेत. याकरिता चित्रकाराला पुन्हा पुन्हा मागे सरून दुरून पाहावे लागते. नाकाला नाक लावून चित्र काढण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही.

१९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातील पडदे रंगविणाऱ्या चित्रकारांत या दोघा बंधूंचे नाव अग्रभागी होते. मराठी संगीत मंडळींप्रमाणेच गुजराती आणि पारशी नाटक कंपन्यांसाठीही त्यांनी पडदे रंगविले. १९१० साली बाबूरावांचे वय वीस वर्षांचे होते. विसाव्या वर्षी जो अग्रभागी येतो त्याचा हात त्याच्या किती तरी आधीपासून घडत आला असला पाहिजे, हे गणित तुम्हीही मांडू शकाल. लोकांनी तर त्यांचे आडनावच बदलून टाकले. मेस्त्री हे नाव मागे पडले, आणि दोघे बंधू आनंदराव पेंटर व बाबूराव पेंटर म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या धंद्याकडे पुष्कळ लोक आजही कमी दर्जाचा म्हणून पाहतात, त्या धंद्याचे नाव या घराण्याने आडनाव म्हणून मिरविले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढील कथा प्रसिद्ध आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला आणि या दोघांना चलच्चित्राचे वेड लागले. आपला कॅमेरा आपणच बनवावयाचा, असे त्यांनी ठरविले. ते काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० साली 'सैरंध्री' हा त्यांचा चित्रपट पुण्यात झळकला. परंतु हातातील कुंचला त्यांनी खाली ठेवला नाही. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. १९२४ सालच्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचे त्यांचे भित्तिपत्रक आजही टिकून आहे. उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या भित्तिपत्रकांत ते सर्वांत जुने समजले जाते. बाजारातील भिंतीवर चिकटविण्यासाठी काढलेले ते चित्र आज कलेच्या इतिहासाचा भाग होऊन बसले आहे.

या पेंटर बंधूंच्या हाताखाली जे तरुण तयार झाले त्यांत विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे होते. शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, हे महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती. या तिघांनी आणखी दोघा सहकाऱ्यांसह १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३६ सालचा 'संत तुकाराम' हा चित्रपट दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. पडदा रंगविताना ज्यांनी दुरून पाहण्याची सवय लावून घेतली होती, त्यांना कॅमेऱ्यामागे उभे राहून काय पाहावे हे निराळे शिकवावे लागले नसेल.

दुसरे नाव मकबूल फिदा हुसेन यांचे. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेला हा मुलगा इंदुरास वाढला आणि १९३० नंतरच्या दशकात मुंबईस आला. जवळ पैसा नव्हता, ओळख नव्हती. चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवून तो पोट भरू लागला. या कामाची मजुरी चौरस फुटावर मिळे. चित्र चांगले की वाईट याचा हिशेब कोणी करीत नसे. तरीही त्याने ते चांगलेच काढले असावे, कारण पुढे त्याच्या चित्रांत जी भव्य रेषा आणि जो निर्भय रंग दिसतो, तो फलकांच्या उंचीवर उभे राहून कमावलेला आहे, असे जाणकार म्हणतात. १९९१ साली भारत सरकारने हुसेन यांना पद्मविभूषण दिले.

हे सगळे दूरचे आणि मोठ्या शहरांतले, असे कोणास वाटेल. भिवापूरहून पुढे नागभीड, ब्रह्मपुरी ओलांडून वडशाकडे गेले की झाडीपट्टीचा मुलूख लागतो. तेथे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान निघालेल्या मोकळ्या शेतात मंडप उभारतात आणि रात्रभर नाटक चालते. या रंगभूमीवर हाताने रंगविलेले पडदे अजून दिसतात. तुमच्यापैकी कोणास असे नाटक पाहण्याचा योग आला, तर नटांकडे अवश्य पाहावे. परंतु मध्ये एकदा पडद्याकडेही नीट पाहून घ्यावे.

परदेशातीलही एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे, कारण त्यात तरुण मुले थेट भिंतीपाशी येतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया या शहरात मुले रात्री-अपरात्री भिंतींवर रंगाने वाटेल ते खरडीत. दुकानदार त्रासले होते. १९८४ साली नगराच्या महापौरांनी यावर एक उपाय योजला: ज्यांनी भिंती खराब केल्या त्यांनाच बोलावून भिंती सजविण्याचे काम द्यावयाचे. जेन गोल्डन या चित्रकर्तीकडे मुलांना शिकविण्याचे काम आले. तिला असे आढळले की, ज्यांना लोक उनाड म्हणून हाकलीत होते त्यांच्यापैकी कित्येकांचा हात उपजत चांगला होता. त्यांना भिंत मिळाली नव्हती एवढेच. त्या उपक्रमातून पुढे शहरात हजारो भित्तिचित्रे झाली. खरडणे आणि चितारणे या दोहोंतील भेद रंगात नाही. खरडणारा भिंतीच्या मालकाला विचारीत नाही, चितारणारा विचारतो. आपल्या राज्यातही परवानगीवाचून दुसऱ्याच्या मालमत्तेवर लिहिणे वा रंगविणे हा १९९५ सालच्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

आता आपल्या चक्कीच्या भिंतीकडे वळू.

मालकांची संमती तर आहेच. परंतु मुख्याध्यापकांची आणि आईवडिलांची संमतीही घेतली पाहिजे. मजुरीचा प्रश्न येथे लगेच उभा राहतो. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. कारण उद्या कोणी तुमच्या हौसेचा फायदा घेऊन फुकटात दुकाने रंगवून घेऊ लागला तर शाळाही बुडेल आणि गावातील पेंटरची भाकरीही जाईल. म्हणून हे काम शिक्षणासाठी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सुटीच्या दिवशी व एकाच भिंतीपुरते करावे. रंग, कुंचले व चुना मालकांनी द्यावा. त्यांना आणखी काही देण्याची इच्छा असेल तर शाळेच्या चित्रकला वर्गाला कागद द्यावेत. आणि शिकवावयास गावातील पेंटरलाच सन्मानाने बोलवावे. त्याला मात्र त्याच्या कामाचा पूर्ण मोबदला मिळाला पाहिजे.

पेंटर आला की तो प्रथम रंगाचा डबा उघडणार नाही. तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहील. लोक कोठून येतात, किती दुरून पाहतात, भिंतीवर ऊन किती वेळ असते, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने ओघळते, हे तो पाहील. अक्षरांचा एक ढोबळ हिशेब असा आहे की, एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सुखाने वाचता येते. साठ फुटांवरून वाचावयाचे तर सहा इंचांहून लहान अक्षर काढून चालणार नाही. मग भिंतीवर किती शब्द मावतील, हे आपोआप ठरते. मुलांना पुष्कळ लिहावेसे वाटते. भिंत मात्र थोडकेच लिहू देते.

अक्षर हा पाटीचा प्राण होय. शाळेतून एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरलेखनाचा सराव करावा लागतो. त्या सरावाचा येथे उपयोग होतो. देवनागरीचे वैशिष्ट्य असे की तिची अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. ती रेषा वाकडी झाली की साऱ्या शब्दाची मान वाकडी होते. म्हणून गेरूत बुडविलेली दोरी दोन टोकांना ताणून धरावी आणि मध्ये उचलून सोडावी. भिंतीवर सरळ रेषा उमटते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार यांना, आणि खाली उकारांना जागा सोडावी लागते. 'भिवापुरी मिरची' हे दोनच शब्द लिहून पाहा. पहिल्याच 'भि'ची वेलांटी वर डोके काढते, 'पु'चा उकार खाली उतरतो, आणि 'र्ची' असे चुकून लिहिले तर सारा गाव हसेल. ऱ्हस्व-दीर्घाची चूक वहीत एका शिक्षकाला दिसते. भिंतीवर ती वर्षानुवर्षे सर्वांना दिसते. राज्यातील सर्व दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरे ठळकपणे असावीत असा नियम २०२२ साली झाला. अक्षरे मराठी असणे कायद्याने साधते. ती देखणी असणे कायद्याने साधत नाही.

चित्र काढताना पुस्तकातील वा मोबाइलमधील मिरची काढू नये. सातऱ्यावर जावे. खरी भिवापुरी मिरची मागून घ्यावी, हातात धरावी, देठ कसा आहे, टोपी कशी बसली आहे, वाळल्यावर सुरकुत्या कोणत्या दिशेने पडतात, उजेडाकडील बाजू आणि सावलीतील बाजू यांच्या तांबडेपणात काय अंतर आहे, हे पाहावे. मग कागदावर चित्र काढून त्यावर चौकटी आखाव्यात, भिंतीवर तितक्याच, पण मोठ्या चौकटी आखाव्यात, आणि एकेका चौकटीतील रेषा उतरवून घ्यावी. ही रीत जुनी आहे आणि अजून तिच्याहून सोपी दुसरी रीत मला माहीत नाही. जेथे मिरची पाहिली तेथे देठ खुडणाऱ्या बायाही दिसतील. चक्कीच्या भिंतीवर केवळ मिरचीच का असावी? जिच्या बोटांची आग रात्रीपर्यंत थांबत नाही, त्या बाईलाही त्या भिंतीवर जागा असावी, असे सुचविणारी एखादी मुलगी वर्गात निघाल्यास तिचे म्हणणे मालकांपर्यंत जरूर न्यावे.

येथेच एक अवघड प्रसंग येऊ शकतो. समजा, मालक म्हणाले, "मोठ्या अक्षरांत लिहा: अस्सल भिवापुरी मिरचीचे तिखट." आणि तुम्हाला ठाऊक आहे की, चक्कीत येणारी सगळी मिरची भिवापुरी नसते, बाहेरच्या वाणांची पोतीही तेथेच रिचविली जातात. मग काय करावयाचे?

हा केवळ शब्दांचा प्रश्न नाही. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. एखाद्या पदार्थाचा गुण तो जेथे होतो त्या प्रदेशाच्या माती-हवेशी आणि तेथील लोकांच्या कसबाशी बांधलेला असेल, तर त्या प्रदेशाचे नाव इतरांनी वापरू नये, यासाठी १९९९ साली संसदेने कायदा केला. तो २००३ सालापासून अमलात आहे. म्हणजे 'भिवापुरी' हा शब्द आता साध्या विशेषणासारखा वाटेल तेथे लावता येत नाही. ज्या शेतकऱ्याने हे जुने वाण टिकवून धरले, त्याच्या श्रमावर त्या शब्दाचा भाव ठरतो. दुसऱ्या मिरचीवर तो शब्द चढविला की गिऱ्हाईक फसतेच, पण त्याआधी तो शेतकरी नागवला जातो.

तुम्ही लहान आहात, मालक मोठे आहेत. तरीही, "काका, दोन्ही प्रकारचे तिखट तुमच्याकडे होते ना? मग 'भिवापुरी मिरचीचे तिखट येथे वेगळे दळून मिळेल' असे लिहू या का?" असे नम्रपणे विचारण्यास वयाची अट नाही. पुष्कळ व्यापारी असे विचारल्यावर रागावणार नाहीत. उलट वेगळे दळण ठेवल्याने गिऱ्हाईक वाढेल, हे त्यांच्या ध्यानात येईल. आणि ते रागावलेच, तर शिक्षकांनी पुढे व्हावे. खोटे अक्षर मुलांच्या हातून लिहवून घेऊ नये. पाटी मालकाची असली, तरी कुंचला ज्याच्या हातात असतो तो तिच्यावरील शब्दाचा साक्षीदार होतो. साक्षीदाराला आपण काय पाहिले ते ठाऊक असावे लागते.

रंगकामाचा दिवस थंडीतला निवडावा. वैदर्भीय उन्हाळ्यात भिंत तव्यासारखी तापते आणि रंग धरत नाही. भिंत खरवडून, धुऊन, वाळवून तिच्यावर आधी पांढरा हात द्यावा. फिके रंग प्रथम, गडद नंतर. मिरचीचा तांबडा उठून दिसावयास तिच्यामागे पांढरा किंवा कोवळा हिरवा असावा. तपकिरीवर तांबडा दुरून मेल्यासारखा दिसतो. शिडीवर मोठ्यांनीच चढावे. मुलांच्या हाताला पोचेल तेवढा भाग मुलांचा, वरचा भाग पेंटरचा आणि शिक्षकांचा. रस्त्याने जाणारे थांबतील, सूचना करतील. एखादे आजोबा म्हणतील, मिरची जरा लठ्ठ झाली. ते बरोबर म्हणत असण्याचा संभव फार आहे, कारण त्यांनी जन्मभर मिरची पाहिलेली आहे. दोन पावले मागे सरून पाहावे, आणि तसे असेल तर पुसून पुन्हा काढावी.

काम झाल्यावर उजव्या कोपऱ्यात शाळेचे नाव, इयत्ता आणि वर्ष लहान अक्षरांत घालावे. पेंटरचे नावही त्याखाली असावे. मग ती भिंत विसरून जाऊ नये. पहिला पाऊस होऊन गेला म्हणजे वही घेऊन तेथे जावे. कोठे पोपडा सुटला, कोणता रंग फिका पडला, कोणते अक्षर अजून रस्त्यापलीकडून वाचता येते, हे लिहून घ्यावे. तांबडा रंग बहुधा सर्वांत आधी उतरलेला आढळेल. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तेथूनच काम सुरू करावे लागेल.